नव्या संगीताला श्रोता मिळतो कसा?

(जिल्हा व तालुका पातळीवर सांस्कृतिक कार्यक्रमांचे संयोजन करणारे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या शिबिरात एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)



‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे गणेशोत्सवातील मंडप, रंगीत दिवे आणि चित्रपटगीते गाणारी मंडळी उभी राहतात. मी आज ज्या ऑर्केस्ट्राविषयी बोलणार आहे तो निराळा. पाश्चात्त्य अभिजात संगीताचा वाद्यवृंद म्हणजे बहुधा ऐंशी ते शंभर वादकांचा समूह. त्यात व्हायोलिन आणि त्याची मोठी भावंडे असतात, बासरी-सनईच्या जातीची वाद्ये असतात, पितळी शिंगे असतात, नगारे असतात. प्रत्येकापुढे स्वरलिपीचा कागद असतो आणि समोर उभा असलेला संचालक हातातील छडीने सर्वांना एका लयीत बांधून ठेवतो. आकाशवाणीने १९५२ साली दिल्लीत भारतीय वाद्यांचा वाद्यवृंद उभारला व पंडित रविशंकर यांच्याकडे त्याची धुरा सोपवली. त्यामुळे ही कल्पना आपल्याला अगदीच परकी आहे असे नाही.

तथापि एक भेद लक्षात घ्यावा लागेल. आपल्या रागसंगीतात कलावंत मंचावर बसल्या बसल्याच निर्मिती करीत असतो. त्याला आज काही नवे सुचले, तर ते मांडण्यासाठी दोन तंबोरे, एक तबलजी आणि चार रसिक पुरेसे होतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदात निर्मिती ही रचनाकाराने आपल्या खोलीत, कागदावर केलेली असते. ती कानांवर पडावयाची तर प्रत्येक वादकासाठी वेगळी स्वरलिपी तयार करावी लागते, शंभर माणसांना तालमीसाठी एकत्र आणावे लागते, त्या प्रत्येक तासाचे वेतन मोजावे लागते आणि सभागृहाचे भाडे भरावे लागते. परिचित रचना असेल तर एखाद्या तालमीत भागते. नवी असेल तर तिप्पट वेळ जातो. आणि एवढा खर्च करून जे ऐकवावयाचे ते श्रोत्यांना आवडेल याची शाश्वती मुळीच नसते. मग हा खर्च कोणी सोसावा, आणि किती दिवस? या एका प्रश्नाला लंडनमधील एका मैफलमालेने जे उत्तर दिले, ते आपल्यासारख्या कार्यक्रम आखणाऱ्या मंडळींनी मुद्दाम पाहावे असे आहे. या मालेस ‘प्रॉम्स’ म्हणतात.

‘प्रॉम्स’ हे ‘प्रॉमनेड कॉन्सर्ट्स’ या नावाचे लाडके रूप. प्रॉमनेड म्हणजे फेरफटका. खुर्च्या काढून मोकळ्या केलेल्या जागेत लोकांनी उभे राहून, हवे तर इकडे तिकडे फिरत संगीत ऐकावे, ही त्यामागील कल्पना. लंडनच्या क्वीन्स हॉल या सभागृहाचे व्यवस्थापक रॉबर्ट न्यूमन यांनी १० ऑगस्ट १८९५ रोजी ही माला सुरू केली आणि संचालनासाठी हेन्री वुड या अवघ्या सव्वीस वर्षांच्या तरुणाची निवड केली. न्यूमन यांचा हेतू स्पष्ट होता. सामान्य माणसाला प्रथम लोकप्रिय चिजा ऐकवाव्यात, हळूहळू पायरी चढवीत न्यावे आणि एक दिवस असा यावा की अभिजात व आधुनिक संगीत ऐकण्यासाठी तो आपण होऊन येईल. उभ्याने ऐकण्याचे तिकीट एक शिलिंग. साऱ्या हंगामाचा पास एक गिनीचा, म्हणजे एकवीस शिलिंगांचा. आत खाणेपिणे चाले, धूम्रपानही चाले. फक्त गाणे सुरू असताना काड्या ओढू नयेत अशी विनंती केलेली असे! प्रतिष्ठित रसिकांनी नाके मुरडली असतील, परंतु कारकून, दुकानातील नोकर, शाळामास्तर आणि विद्यार्थी यांनी हे सभागृह भरले.

या आरंभामागील पैशाची हकीकत मोठी मनोरंजक आहे. भांडवल दिले ते डॉ. जॉर्ज कॅथकार्ट या घशाच्या रोगांवरील तज्ज्ञाने. त्यांच्या अटी दोन होत्या. संचालक वुडच असावा, ही एक. दुसरी अट पट्टीची. त्या काळी इंग्लंडमधील वाद्यवृंद युरोप खंडातील वाद्यवृंदांपेक्षा चढ्या पट्टीत वाजवीत आणि त्यामुळे गायकांच्या गळ्यांवर विनाकारण ताण पडे, असे या डॉक्टरांचे म्हणणे. पट्टी खाली आणावयाची तर फुंकून वाजवावयाची सर्व वाद्ये बदलावी लागणार! ती व्यवस्थाही त्यांनीच केली. ज्या देणगीदाराला आपण कशासाठी पैसे देत आहोत याची इतकी नेमकी जाण असते, असा देणगीदार विरळा.

वुड यांनी पहिल्यापासून प्रत्येक हंगामात अपरिचित रचनांसाठी जागा राखून ठेवली. सोमवारी वॅग्नर आणि शुक्रवारी बेथोवन असे ठरलेले, हमखास गर्दी खेचणारे वार असत. इतर वारी, चार ओळखीच्या रचनांच्या संगतीत एखादी नवी ठेवली जाई. अशाच रीतीने १९०३ साली फिनलंडच्या सिबेलियसची पहिली सिंफनी आणि ऑस्ट्रियाच्या माहलरची पहिली सिंफनी ब्रिटनमध्ये प्रथम ऐकली गेली. १९०४ साली फ्रेंच रचनाकार देब्युसी याची वनदेवतेच्या दुपारवरील प्रसिद्ध रचनाही याच मंचावरून ब्रिटिश श्रोत्यांपुढे आली. आज ही नावे संगीताच्या पाठ्यपुस्तकांत आहेत. त्या वेळी ती ‘नवी आणि विचित्र’ या सदरात मोडत होती.

परंतु हे सर्व होत होते ते कोणत्या परिस्थितीत, याचाही विचार करू. आठवड्यातून सहा रात्री मैफल आणि त्या सहा मैफलींसाठी तालमी तीन! त्यातच त्या वेळी एक अजब प्रथा होती. वादकाला दुसरीकडे अधिक पैशांचे काम मिळाले की तो आपल्या जागी बदली माणूस पाठवून देई. तालमीला एक, मैफलीला दुसरा! ओळखीची रचना अशाने कशीबशी निभावून जाते. नवी रचना मात्र कोसळते. वुड आणि न्यूमन यांनी १९०४ साली आपल्या वाद्यवृंदापुरती ही प्रथा बंद केली. सुमारे चाळीस वादक रागावून बाहेर पडले आणि त्यांनी आपला स्वतःचा वाद्यवृंद काढला. तोच आज जगप्रसिद्ध असलेला लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा. भांडणातून संस्था निघण्याची परंपरा केवळ आपल्याकडेच आहे असे समजण्याचे कारण नाही. पुढे १९१३ साली वुड यांनी सहा स्त्रियांना आपल्या वाद्यवृंदात तंतुवादक म्हणून घेतले. त्या काळात हा निर्णयही एखाद्या नव्या रचनेइतकाच धाडसाचा होता.

आता ३ सप्टेंबर १९१२ या दिवसाकडे येऊ. त्या रात्री व्हिएन्नाच्या आर्नोल्ड शोएनबर्ग यांच्या ‘वाद्यवृंदासाठी पाच तुकडे’ या रचनेचे जगातील पहिले वादन क्वीन्स हॉलमध्ये झाले. ज्या स्वराला आपण ‘सा’ म्हणतो, म्हणजे जिथे परत येऊन कान विसावतो, असा आधारस्वरच या संगीतात जाणूनबुजून सोडून दिलेला होता. तालमीतच वादक कुरकुरू लागले. वुड यांनी त्यांना धीर दिला आणि यापुढील काळात याहून कठीण गोष्टी वाजवाव्या लागतील असे बजावले. मैफलीत श्रोत्यांतून हशा उठला, फूत्कार ऐकू आले. वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठवली. एखाद्या दुबळ्या व्यवस्थापनाने एवढ्यावरून धडा घेतला असता. परंतु वुड यांचा विश्वास ढळला नाही. जानेवारी १९१४ मध्ये तीच रचना पुन्हा क्वीन्स हॉलमध्ये ठेवण्यात आली आणि या वेळी संचालनासाठी स्वतः शोएनबर्ग यांनाच पाचारण करण्यात आले. या खेपेला श्रोत्यांनी ती बऱ्याच शांतपणे ऐकून घेतली. पहिल्या रात्रीच्या टाळ्यांवर निकाल लावावयाचा नाही, हे या मालेचे धोरण तेव्हाच दृढ झाले असे मला वाटते.

पैशाचे काय झाले? न्यूमन १९०२ साली दिवाळखोर झाले. त्यांच्यामागे उभे राहिले ते एडगर स्पेयर हे जर्मन वंशाचे धनाढ्य पेढीवाले. पहिले महायुद्ध पेटताच त्यांच्याविरुद्ध एवढे काहूर उठले की १९१५ साली त्यांना ब्रिटन सोडून अमेरिकेस जावे लागले. युद्धाच्या सुरुवातीस जर्मन संगीतावरच बंदी घालावी अशी मागणी झाली होती व एका सोमवारचा वॅग्नरचा कार्यक्रम बदलावाही लागला. परंतु थोर संगीत ही साऱ्या जगाची मालमत्ता आहे, अशी व्यवस्थापनाने ठाम भूमिका घेतली व वॅग्नर लवकरच परत आला. स्पेयर यांच्यानंतर एका संगीत-प्रकाशन संस्थेने ही माला चालवली. तिलाही तोटा पेलवेना. १९२६ साली न्यूमन वारले आणि १९२७ साली ही माला बी. बी. सी. या नभोवाणी महामंडळाने आपल्याकडे घेतली.

मित्रहो, या टप्प्यावर आपण क्षणभर थांबले पाहिजे. डॉक्टर, पेढीवाला, प्रकाशक यांच्या औदार्यावर बत्तीस वर्षे तगलेली एक गोष्ट इथे सार्वजनिक पैशावर आली. बी. बी. सी. चालते ती घरोघरच्या परवाना शुल्कावर. म्हणजे ज्याला शोएनबर्ग कर्णकटू वाटतो, त्याच्याही खिशातील काही अंश या मैफलींवर खर्च होतो. हे न्याय्य आहे काय? हा प्रश्न तिथेही वारंवार विचारला गेला आहे आणि तो अडाण्यांचा प्रश्न आहे असे मी मानत नाही. त्याला तिथे मिळालेले उत्तर दोन गोष्टींत सामावले आहे. पहिली ही की, तिकीट स्वस्त राहिले, आणि प्रत्येक मैफल नभोवाणीवरून ऐकू येऊ लागली. लंडनला कधीही न गेलेल्या, दूरच्या खेड्यातील शिक्षकालाही तीच मैफल त्याच क्षणी ऐकता आली. दुसरी ही की, नव्याबरोबर जुनेही भरपूर दिले गेले. बेथोवन ऐकण्यास आलेल्याच्या कानांवर वीस मिनिटे नवे पडले, तर त्याला फसवल्यासारखे वाटत नाही.

१० मे १९४१ च्या रात्री जर्मन विमानांच्या बाँबफेकीत क्वीन्स हॉल जळून खाक झाला. ढिगाऱ्यातून हेन्री वुड यांचा ब्राँझचा अर्धपुतळा मात्र शाबूत निघाला आणि दरवर्षीच्या हंगामात तो आजही वाद्यवृंदाच्या मागे मांडला जातो. माला त्याच वर्षी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये हलली. पाच हजारांहून अधिक माणसे सामावणारी ही गोल वास्तू १८७१ सालची. तिचा दोष एकच, प्रतिध्वनी. ब्रिटिश रचनाकाराला आपली नवी रचना दोनदा ऐकावयास मिळेल अशी ही जगातील एकमेव जागा, असा विनोद तिथे रूढ होता. अखेर १९६९ साली छताखाली मोठमोठ्या तबकड्या टांगून हा दोष बराचसा घालवण्यात आला. वुड १९ ऑगस्ट १९४४ रोजी वारले, तेव्हा त्यांच्या मालेस पन्नास हंगाम झाले होते.

त्यानंतरच्या काळात ही माला थोडी सुस्तावली होती. तिला हलवून जागे केले ते विल्यम ग्लॉक यांनी. १९५९ साली ते बी. बी. सी.च्या संगीत विभागाचे प्रमुख झाले आणि पुढील वर्षापासून प्रॉम्सची आखणी त्यांनी हाती घेतली. त्यांनी रचनाकारांना मोबदला देऊन या मालेसाठी नव्या रचना लिहवून घेण्यास प्रारंभ केला, परदेशी वाद्यवृंदांना दार उघडले (१९६६ साली मॉस्कोचा वाद्यवृंद आला) आणि १९७१ साली एक असा कार्यक्रम ठेवला की ज्याचा आपल्याशी थेट संबंध पोहोचतो. सुरबहार व सतार या वाद्यांचे श्रेष्ठ वादक उस्ताद इम्रत खाँ यांची मैफल त्या वर्षी प्रॉम्समध्ये झाली. ज्या मंचावर शंभर वादक बसतात तिथे भारतीय बैठक घालून एक वादक रागाची आलापी करतो, आणि भोवती हजारो इंग्रज श्रोते स्तब्ध आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे. हे शक्य झाले, कारण त्या श्रोत्यांना ‘आज काही तरी अनोळखी कानांवर पडणार’ याची सवय पाऊणशे वर्षे लावण्यात आली होती. त्याच वर्षीच्या जानेवारीत लंडनमध्येच रविशंकर यांचा सतार आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेला पहिला कॉन्चेर्टो सादर झाला होता. आणि तो वाजवणारा वाद्यवृंद कोणता? १९०४ साली रुसून बाहेर पडलेल्यांचा लंडन सिंफनी!

सर्व काही यशस्वी झाले असे मात्र समजू नये. २८ ऑगस्ट १९६९ रोजी पीटर मॅक्सवेल डेव्हिस या पस्तिशीतील रचनाकाराने आपली ‘वर्ल्डिस ब्लिस’ ही दीर्घ, अत्यंत संथपणे उलगडत जाणारी रचना स्वतः संचालन करून सादर केली, तेव्हा श्रोते झुंडीने उठून निघून गेले. आपल्यापैकी कोणाच्या कार्यक्रमात असे घडले असते तर दुसऱ्या दिवशी खुलासा मागवला गेला असता. तिथे डेव्हिस यांना पुन्हा पुन्हा बोलावण्यात आले. तीच रचना पुढे त्यांच्या महत्त्वाच्या कृतींत गणली गेली आणि २००४ साली ते ब्रिटनच्या राणीचे राजसंगीतकार झाले. १९९५ साली तर हंगामाच्या अखेरच्या रात्री, जेव्हा लोक झेंडे घेऊन ठेवणीतली गीते गाण्यासाठी येतात आणि दूरचित्रवाणीवर लक्षावधी प्रेक्षक असतात, तेव्हाच हॅरिसन बर्टविसल यांची ‘पॅनिक’ ही सॅक्सोफोनची कर्कश, उन्मत्त रचना ठेवण्यात आली. तक्रारींचा पाऊस पडला. माझे मत विचाराल तर ती जागा चुकीची निवडली. उत्सवाच्या पंगतीत कडू काढा वाढू नये. पण वर्षातील इतर रात्री तो काढा देणारे कोणी तरी असले पाहिजे, हेही तितकेच खरे. उलट, १९८९ साली जॉन टॅव्हनर यांची चेलोसाठीची ‘द प्रोटेक्टिंग व्हेल’ आणि १९९० साली स्कॉटलंडच्या जेम्स मॅकमिलन यांची चेटकीण ठरवल्या गेलेल्या इझोबेल गाउडी या स्त्रीवरील रचना यांचे पहिल्याच रात्री अभूतपूर्व स्वागत झाले. कोणती रचना तरेल व कोणती बुडेल हे आधी कोणालाच सांगता आले नव्हते.

केवळ रचनाकारच नव्हे, तर वादकही या मालेने नवे घडवले. त्यांपैकी एव्हलिन ग्लेनी या स्कॉटिश विदुषीचे उदाहरण शिक्षकबंधूंनी ध्यानात ठेवावे असे आहे. बालपणीच त्यांची श्रवणशक्ती गेली. बाराव्या वर्षापर्यंत त्या जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या. अशी मुलगी संगीताकडे वळते आणि तालवाद्ये हाती घेते! जमिनीतून येणारी कंपने पायांनी जाणवावीत म्हणून त्या अनवाणी वाजवतात. उंच स्वर शरीराच्या एका भागात, खालचे दुसऱ्या भागात, असे ऐकणे त्यांनी साधनेने कमावले. पाश्चात्त्य वाद्यवृंदात तालवाद्ये वाजवणारा मागच्या रांगेत उभा असतो. आपल्याकडेही एके काळी तबलजीला साथीदारापलीकडे मान नव्हताच. १९८९ साली प्रॉम्सच्या इतिहासातील तालवाद्यांची पहिली स्वतंत्र मैफल ग्लेनी यांनी केली, आणि १९९२ साली मॅकमिलन यांनी त्यांच्यासाठी लिहिलेला कॉन्चेर्टो अल्बर्ट हॉलमध्ये प्रथम वाजला. पुढे तो देशोदेशी शेकडो वेळा वाजला आहे.

मालेवर संकटेही आली. १९८० साली बी. बी. सी.ने काटकसरीसाठी आपले पाच वाद्यवृंद मोडण्याचे ठरवले, तेव्हा वादकांनी संप पुकारला; त्या वर्षी हंगाम ७ ऑगस्टपर्यंत सुरूच होऊ शकला नाही. २०२० साली करोनाच्या साथीत वादक रिकाम्या सभागृहात, एकमेकांपासून दूर बसून वाजले आणि लोकांनी घरी बसून ऐकले. उभ्याने ऐकण्याची स्वस्त तिकिटे मात्र आजही त्याच दिवशी विकली जातात व शेकडो माणसे मंचाच्या अगदी पुढ्यात उभी राहून ऐकतात. म्हणजे सर्वांत कमी पैसे देणारा श्रोता सर्वांत जवळ! पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात, जो पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केला, भारतीय बैठकीवर बसून ऐकणाऱ्यांना याचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही.

आपल्या कामाच्या दृष्टीने मला एकच गोष्ट सुचवावयाची आहे. कार्यक्रम पार पडल्यावर आपण जो अहवाल पाठवतो, त्यात ‘उपस्थिती’ हा रकाना असतो. तो असावाच, जनतेच्या पैशाचा हिशोब जनतेला दिला पाहिजे. परंतु त्या एका रकान्याच्या भीतीने आपण दरवर्षी तीच नावे, तीच गीते आणि तोच क्रम कायम करतो. तालुक्यातील एखादा तरुण काही वेगळे बांधू पाहत असेल तर त्याला संध्याकाळी पाच वाजता, माणसे जमण्यापूर्वी, दहा मिनिटे देतो आणि मग ‘प्रतिसाद अल्प’ असे नोंदवतो. त्याला नामवंत कलावंताच्या आधी नव्हे, तर नामवंतांच्या दोन कार्यक्रमांच्या मध्ये बसवून पाहावे, पुरेशी तालीम करू द्यावी आणि पुढील वर्षी पुन्हा बोलवावे. याला वेगळ्या अनुदानाची आवश्यकता नाही.

मुंबईत हे घडू शकते हे दिसलेच आहे. राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राच्या आश्रयाने २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद उभा राहिला आणि त्यानेच २०१५ साली उस्ताद झाकीर हुसेन यांचा तबला आणि वाद्यवृंद यांच्यासाठीचा ‘पेशकार’ हा कॉन्चेर्टो मुंबईत प्रथम सादर केला. मागच्या रांगेतील तालवादक इथेही पुढे आला.

आता भाषण थांबवतो. १९१२ साली ज्यावर लोक हसले, त्या पाच तुकड्यांपैकी तिसरा तुकडा आपल्याला ऐकवण्याची व्यवस्था केली आहे. तो तीन-चार मिनिटांचाच आहे. त्यात चाल शोधू नये. एकच स्वरसमूह जवळजवळ स्थिर राहतो आणि तो एका वाद्यावरून दुसऱ्या वाद्यावर अलगद सरकत जातो. पहाटेच्या तळ्यावर प्रकाश बदलावा तसा रंग तेवढा बदलतो. तंबोरा ऐकत बसण्याची ज्यांना सवय आहे त्यांना कदाचित तो इंग्रज श्रोत्यांपेक्षा अधिक जवळचा वाटेल. ज्यांना तो सहन होणार नाही त्यांच्यासाठी मागचे दार उघडे ठेवले आहे. चहाही तयार आहे.